खत आणि शिकवणी

अतिरेक टाळावा, हा धडा मीं पस्तीस वर्षें वर्गांत शिकविला. पण तो मला स्वतःला कळला तो सेवानिवृत्तीनंतर, डोंबिवलीस आमच्या इमारतीमागील आठ हात जागेंत, आणि तोहि एका रोपट्याचा जीव गेल्यावर.

नातवाला सफरचंदाचें झाड हवें होतें. हिंवाळ्यांत शेंकडों तास सात अंशांखालील थंडी लाभल्यावांचून साधें सफरचंद फुलत नाहीं. ठाणें-कल्याणकडे तशी थंडी कोठली? तथापि हिमाचल प्रदेशांतील बिलासपूर जिल्ह्याचे बागाईतदार श्री. हरिमन शर्मा यांनीं उष्ण हवेंतहि फळणारी ‘एचआरएमएन-९९’ नांवाची जात तयार केली. त्यांना २०२५ सालीं पद्मश्री मिळाली. माझ्या मुलानें त्या जातीचें कलम आणून दिलें.

मोठ्या हौसेनें मीं तें लाविलें. महिन्याभरांत पानें पिवळीं पडलीं, शिरा मात्र हिरव्या राहिल्या. माझें निदान तयारच होतें: पोषण कमी! मूठभर युरिया घातला. आठवड्यानें आणखी एक मूठ. युरियांत शेंकडा ४६ भाग नत्र असतें, हें मीं वाचलेलें होतें. पण हात आंवरला नाहीं. पानांच्या कडा करपल्या आणि पंधरा दिवसांत रोप वाळून गेलें. नातवानें विचारलें, “आजोबा, तुम्ही त्याला जास्त खायला घातलंत का हो?”

मुलगा जवळच उभा होता. तो कांहीं बोलला नाहीं. त्याच्या त्या मौनानें मला पंचवीस वर्षांपूर्वींची एक रात्र आठवली. गणितांत तो कच्चा, म्हणून पहाटे एक व रात्रीं एक अशा दोन शिकवण्या मी घेत असें. दहावीच्या परीक्षेआधीं तो तापानें फणफणला असतांहि मी त्याच्या उशाशीं प्रमेयें वाचीत बसलों होतों. तो उत्तीर्ण झाला. पण पुढें कित्येक वर्षें माझ्याशीं मोकळेपणानें बोलला नाहीं. मुळाला काय होतें आहे हें न पाहतां मी वरून घालीत राहिलों होतों.

खड्डा उकरून पाहिला, तों हातभर खालीं विटांचे तुकडे, सिमेंटचीं ढेकळें आणि चुना! इमारत बांधतांनाचें सारें राबिट तेथेंच पुरलेलें. चुनखडीच्या मातींत लोह असूनहि मुळांना तें घेतां येत नाहीं, म्हणून शिरा हिरव्या राहून पान पिवळें पडतें. रोग एक आणि औषध भलतेंच! शिवाय खताचा क्षार फार झाला म्हणजे मुळांतलेंच पाणी बाहेर ओढलें जातें.

मग वराहमिहिराची बृहत्संहिता काढली. सहाव्या शतकांतील या ग्रंथांत वृक्षायुर्वेदाचा एक अध्याय आहे. सर्व वृक्षांना मऊ भूमि हितकर; तींत प्रथम तीळ पेरावे व ते फुलले म्हणजे तेथेंच मातींत मिळवावे, असें तो सांगतो. आजच्या भाषेंत हेंच हिरवळीचें खत. आम्हीं राबिट काढून तीन फूट खोल खड्डा केला. चांगली लाल माती, कल्याणच्या एका तबेल्यांतून आणलेलें जुनें कुजकें शेणखत आणि वाळक्या पानांचा व भाजीच्या देठांचा घरीं केलेला कुजवा त्यांत भरला. होळीनंतर पाणी देऊन तीळ पेरले, वैशाखांत ते गाडले आणि मृगाच्या पहिल्या सरी पडून गेल्यावर नवें कलम लाविलें. बुंध्याभोंवतीं वीतभर जागा मोकळी सोडून पाचोळा पसरला. कोंकणचा पाऊस एकदम घातलेलें खत वाहून नेतो. तेव्हां जें द्यावयाचें तें थोडें थोडें, हप्त्यानें द्यावें, हेंहि आतां शिकलों.

त्या झाडानें दोन पावसाळे पाहिले. पानें हिरवीगार आहेत; फळ धरेल कीं नाहीं, सांगवत नाहीं. परवां संध्याकाळीं मी खताची टोपली घेऊन निघालों, तों मुलगा म्हणाला, “अण्णा, आतां पुरे. बसा थोडा वेळ.” मीं टोपली खालीं ठेविली. दिवे लागेपर्यंत आम्ही दोघे त्या झाडाशेजारीं बोलत बसलों होतों.