गोड्या पाण्याचं पिंप

आमच्या देवबागात एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्लीची खाडी आणि मधे वाळूची चिंचोळी पट्टी. एप्रिल सरत आला की विहिरीचं पाणी मचूळ लागू लागतं आणि घरातला पाण्याचा हिशेब कळशीवर येतो. तसल्या दिवसांतही आमच्या मागच्या पडवीत, वरचं तोंड कापून काढलेलं एक निळं पिंप गोड्या पाण्याने भरलेलं असायचं. त्यातलं पाणी हात धुवायलाही कुणी घेत नसे. ते इंजिनाचं पाणी. आई वैतागून म्हणायची, "माणसांक नसला तरी चलात, इंजिनाक पाणी व्हया!" बाबा उत्तर देत नसत. समुद्रावरून आले की शेजारच्या काकांच्या मदतीने खांद्यावरून इंजिन आणायचे, सागवानी घोडीच्या फळीवर त्याचे दोन्ही क्लॅम्प आवळायचे, पाय पिंपात बुडवायचे आणि दोरी ओढायचे. इंजिन चालू झालं की मागच्या बारीक भोकातून पाण्याची धार सुटायची. मग ते पाणी बोटावर घेऊन चाखायचे. खारटपणा गेला की बंद. तेलकट झालेलं ते पाणी नंतर माडालाही घालता येत नसे.

बाबांनी हे इंजिन १९९३ साली घेतलं. जपानी बनावटीचं, पंधरा हॉर्सपॉवरचं, दोन सिलिंडरचं, टू-स्ट्रोक. वजन पस्तीस किलोंच्या वर. त्याआधी आमची पात होडी वल्ह्यावर आणि शिडावर चालायची. मतलई वाऱ्यावर पहाटे बाहेर पडायचं आणि दुपारच्या समुद्री वाऱ्यावर परत यायचं, म्हणजे वारा नेईल तेव्हा जायचं आणि आणील तेव्हा यायचं. इंजिन आलं आणि बाजाराच्या वेळेला बांगडा काठावर पोचू लागला. आमच्या घराला स्लॅब पडला, भाऊ आणि मी दोघंही शिकलो, त्यात या इंजिनाचा वाटा किती हे मला आजही मोजता येत नाही, इतका तो मोठा आहे.

होडीच्या मागे उभं लटकवायचं इंजिन, म्हणजे आउटबोर्ड, ही कल्पना तशी जुनी. अमेरिकेत कॅमेरॉन वॉटरमनने १९०५ च्या सुमारास असं यंत्र बनवलं आणि नॉर्वेहून लहानपणी तिकडे गेलेल्या ओले एव्हिन्रूडने १९०९ मध्ये मिलवॉकीत त्याचा खरा धंदा उभा केला. जपानच्या यामाहाचं पहिलं आउटबोर्ड १९६० चं. शंभर वर्षांत पुष्कळ काही बदललं, पण मूळ रचना तीच राहिली: वर इंजिन, तिथून खाली उभा दांडा, तळाशी काटकोनात वळण घेणारे दातेरी गिअर आणि शेवटी पंखा. म्हणूनच हे यंत्र मच्छीमाराच्या हातात टिकलं. चार पाने, एक पक्कड, पेचकस आणि प्लगचा पाना एवढ्यावर ते निम्म्याहून अधिक उघडतं. आणि ते उघडता यायलाच हवं, कारण काठापासून दूर, आठ-दहा वाव पाण्यात मिस्त्री येत नाही.

मी शिकले ती पावसाळ्यात. महाराष्ट्रात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारी बंद असते. होड्या माडाच्या झावळ्यांखाली ओढून ठेवतात आणि इंजिन घरात येतं. बाहेर पाऊस धो धो कोसळत असताना पडवीत जुनं गोणपाट पसरून बाबा इंजिन खोलायला बसायचे आणि मला बाजूला बसवायचे. भावाला त्याचा कंटाळा होता. मला इंजिनाच्या वासाचीही ओढ होती. बाबांचं पहिलं वाक्य दरवर्षी ठरलेलं: "पाणी मारता काय ता बघ आधी, मगे बाकीचा."

पाणी मारणारा भाग म्हणजे इम्पेलर. सहा पाकळ्यांचं काळं रबरी फूल, तळहातात मावेल एवढं. समुद्राचं पाणी ओढून वर सिलिंडरभोवती फिरवण्याचं काम त्याचं, आणि ते थांबलं तर काही मिनिटांत इंजिन तापून पिस्टन धरतो. त्याच्यापर्यंत पोचायला गिअरची दांडी सोडवायची, पायाचे बोल्ट काढायचे आणि खालचा अख्खा भाग दोन्ही हातांनी सरळ खाली ओढायचा. मग पंपाचं झाकण आणि त्याखाली इम्पेलर. जुना झाला की त्याच्या पाकळ्या एकाच दिशेला वाकून तशाच राहतात. बोटाने सरळ केल्या तरी परत वाकतात. एखादी तुटलेली असली तर तो तुकडा हाती लागल्याशिवाय बाबा झाकण बसवू देत नसत. तो तुकडा पाण्याच्या नळीत वर जाऊन अडकतो आणि नवा इम्पेलर घालूनही धार सुटत नाही. नवा बसवताना दांड्याच्या खाचेत बारीक चावी आहे ना ते बघायचं, पाकळ्यांना साबणाचं पाणी लावायचं, दांडा वरून बघताना घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरवत फिरवत झाकण खाली दाबायचं. पाकळ्या योग्य बाजूला वळून आत बसल्या की हाताला ते समजतं. अकरावी-बारावीत असताना मला ते समजू लागलं, आणि त्या वर्षीपासून हे काम माझं झालं.

पण इम्पेलर ही सोपी गोष्ट. अवघड असतात ते बोल्ट. इंजिनाचं अंग अॅल्युमिनियमचं आणि बोल्ट स्टेनलेस स्टीलचे. मधे खारं पाणी शिरलं की दोन धातूंमध्ये वीज खेळू लागते, अॅल्युमिनियमची पांढरी भुकटी होते आणि ती आट्यांमध्ये सिमेंटासारखी घट्ट बसते. पाना लावून जोर केला की बोल्टचं डोकं हातात आणि धड आतच. बाबा म्हणायचे, "जोर नको लावू गे. तेका सुटाक वेळ दी." आदल्या रात्री गंज सोडवायचं तेल मारून ठेवायचं. सकाळी हातोडीने डोक्यावर हलके ठोके द्यायचे. मग अंगाला थोडा शेक द्यायचा, कारण अॅल्युमिनियम स्टीलपेक्षा जास्त फुगतं आणि पकड ढिली पडते. त्यानंतर पाना लावून आधी किंचित आवळायचं आणि मग किंचित सोडायचं, पुन्हा आवळायचं, पुन्हा सोडायचं. एकेका बोल्टला अर्धी सकाळ जायची. सुटला की आटे ब्रशने साफ करून, ग्रीस लावूनच परत बसवायचा. आमच्या इंजिनाचे बहुतेक बोल्ट आजही मूळचे आहेत, आणि मला त्याचा अभिमान वाटतो.

याच विजेला फसवण्यासाठी पंख्याच्या वर जस्ताचा एक गोळा बसवलेला असतो. जस्त आधी झिजतं आणि अॅल्युमिनियम वाचतं. हम्फ्री डेव्ही यांनी १८२४ मध्ये इंग्लंडच्या लढाऊ जहाजांच्या तांब्याच्या पत्र्यावर हाच उपाय करून दाखवला होता. बाबांना डेव्ही ठाऊक नव्हते. पण दर महिन्याला तारेच्या ब्रशने ते जस्त घासून उजळ करायचे, आणि पायाला रंग मारताना त्यावर एक थेंबही पडू द्यायचे नाहीत. रंग चढला की जस्ताचा काही उपयोग नाही. "मिठाक सुट्टी नसता," एवढंच त्यांचं शास्त्र होतं आणि ते बरोबर होतं.

नंतर मी बँकेच्या नोकरीत लागले आणि बरीच वर्षं कोल्हापुरात होते. तिथून समुद्र लांब, पण लेथ-कारखान्यांचं उद्यमनगर जवळ. या इंजिनाचे काही सुटे भाग मिळेनासे झाले तसा मी त्याचा उपयोग करून घेतला. इंजिन डावी-उजवीकडे ज्यावर फिरतं तो नायलॉनचा बुश झिजून गेला होता. जुना बुश पिशवीतून नेला आणि लेथवर तसाच कातून घेतला. लेथवाले काका समुद्रावर कधी गेले नव्हते. त्यांनी बुश मोजला, कुठे बसतो ते विचारलं, आणि पाणी निघून जायला एक खाच स्वतःहून पाडून दिली. ती मूळ बुशाला नव्हती. तो बुश अजून चालतो आहे.

बदली होऊन आमच्या जिल्ह्यात परतले तेव्हा किनारा बदललेला होता. तारकर्ली-देवबागात पर्यटन आलं होतं. भावाने डॉल्फिन दाखवायला फायबरची मोठी होडी घेतली, तिला फोर-स्ट्रोक इंजिन. ते शांत चालतं, तेल कमी खातं, पण त्यात काही बिघडलं तर कंपनीचा माणूस संगणक लावून सांगणार काय झालं ते. सीझनमध्ये तो माणूस चार दिवस येत नाही आणि होडी काठावर बसते. भावाला ते चालवून घ्यावं लागतं. मला नाही चालत. ज्याच्यावर आपलं पोट आहे ते यंत्र आपल्याला उघडताच येऊ नये, यात मला मच्छीमाराचा मोठा तोटा दिसतो, आणि हे मी आमच्या मच्छीमार सोसायटीच्या बैठकीतही बोलले आहे.

अर्थात जुन्या इंजिनाची दुसरी बाजू मी टाळणार नाही. टू-स्ट्रोकमध्ये नवं मिश्रण आत येत असतानाच धुराची वाट उघडी असते, त्यामुळे पेट्रोलचा सुमारे चौथा हिस्सा न जळताच पाण्यात जातो, आणि त्याबरोबर तेलही. मालवणच्या समुद्राचा काही भाग १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. खाली प्रवाळ आहे. म्हणून आता हे इंजिन रोजच्या धंद्याला नाही. खाडीत गरी टाकायला किंवा बाबांना होडीतून फिरवून आणायला तेवढं लावतो. मिश्रण मोजून करते: वीस लिटर पेट्रोलला चारशे मिली तेल, पन्नासास एक. कॅनच्या झाकणाने अंदाजाने ओतण्याची आमच्याकडची पद्धत मी बंद केली. जास्त तेल म्हणजे पाण्यावर तवंग आणि प्लगवर काजळी.

पेट्रोलही पूर्वीचं राहिलं नाही. २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल पंपांवर येऊ लागलं. आमच्या दमट हवेत इथेनॉल पाणी ओढून घेतं, आणि फार झालं की दोन्ही मिळून टाकीच्या तळाशी बसतात. नळी ओढते ती तळातूनच, आणि त्या थरात टू-स्ट्रोकचं तेल नसतं; म्हणजे इंजिन कोरडं घासत राहतं. म्हणून मी लागेल तेवढंच पेट्रोल आणते, टाकीत आठवड्यावर ठेवत नाही, आणि धुऊन झालं की नळी काढून कार्बोरेटर रिकामा होईपर्यंत इंजिन चालू देते. जुन्या रबरी नळ्याही आतून फुगून सुटायला लागल्या होत्या, त्या सगळ्या बदलल्या.

मासेमारीच्या तंगूसचा त्रास मात्र वाढलाच आहे. पाण्यात सोडलेला तुकडा पंख्यामागे गुंडाळला जातो आणि तापून दांड्याच्या सीलमध्ये कापत शिरतो. बाहेरून काही दिसत नाही. गिअरचं तेल काढायला खालचा स्क्रू सोडला आणि ते दुधाळ आलं, की समजायचं पाणी आत गेलं. तेल भरायचं तेही खालच्या भोकातून, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत, म्हणजे आत हवा राहत नाही. पंखा काढून तंगूस बघणं हे काम मी भाचीला दिलं आहे. आठवीत आहे. मागच्या वेळी तिने हिरव्या तंगूसचा मुठीएवढा गुंता काढून माझ्या हातात दिला आणि सील वाचलं.

बाबांना आता ऐकू कमी येतं. इंजिन चालू केलं की ते कव्हरवर तळहात टेकवतात आणि एक सिलिंडर मागे पडतंय का ते सांगतात. यंदा त्यांनीच सांगितलं की ते मंद गतीला मधेच धावतं आणि मग बंद पडतं. प्लग साफ आहेत, कार्बोरेटर दोनदा खोलून धुतला, जेट मोकळे आहेत. माझा संशय क्रँकशाफ्टच्या वरच्या सीलवर आहे. तिथून हवा आत शिरत असणार आणि मिश्रण पातळ होत असणार. ते बदलायचं तर फ्लायव्हील काढावं लागतं, त्याला पुलर लागतो, आणि खालच्या कॉइलला धक्का लागता कामा नये. हे बाबांनी कधी केलेलं नाही, मीही नाही. कुडाळच्या एका गॅरेजवाल्याने पुलर द्यायचं कबूल केलंय. सील मुंबईहून मागवलं आहे. जूनचा पहिला रविवार भाचीने त्यासाठी राखून ठेवला आहे, आणि तिची अट अशी की फ्लायव्हीलची नट पहिल्यांदा तीच सोडवणार.