सरासरीबाहेरचा उशीर

माझी नात पुण्याला एम.टेक. करते. विषय काय घेतलास, म्हणून विचारलं तर म्हणाली, "आजी, वायरलेस नेटवर्कवरून पाठवलेला निरोप किती उशिरा पोचेल, ते संगणकाला आधीच ओळखायला शिकवायचं." मी मराठी माध्यमातली बी.ए., सगळी नोकरी भाषा शिकवण्यात गेली. पण उशीर या विषयात माझा अधिकार कमी नाही, तीस वर्षं एस.टी.ने शाळेत गेले आहे!

तर तिच्याकडून जे समजून घेतलं ते लिहिते.

७ सप्टेंबर २००१ रोजी डॉ. जाक मारेस्को न्यूयॉर्कमध्ये बसले होते आणि फ्रान्समधल्या स्ट्रासबूर्गला एका ६८ वर्षांच्या बाईंचं पित्ताशय त्यांनी रोबोच्या हातांनी काढलं. आपला हात हलवल्यापासून त्याचं चित्र पडद्यावर दिसेपर्यंत सरासरी १५५ मिलिसेकंद लागत होते. (मिलिसेकंद म्हणजे सेकंदाचा हजारावा भाग.) पण ती फायबरची लाइन होती, खास त्या कामासाठी राखून ठेवलेली. आता अशी कामं हवेतून व्हायला हवी आहेत. कारखान्यातला रोबो, चालकाविना धावणारी गाडी, वगैरे. ५जीच्या मानकांत अशा निरोपांसाठी रेडिओच्या टप्प्यावर १ मिलिसेकंद आणि ९९.९९९ टक्के भरवसा असं लक्ष्य ठेवलं आहे. लाखात एकच चुकलेला चालेल!

फायबरमध्ये प्रकाश मिलिसेकंदाला साधारण २०० किलोमीटर जातो. तो उशीर ठरलेला, त्याचं भाकीत कशाला करायचं? लबाडी असते ती हवेत. मध्ये भिंत आली, ट्रक गेला, निरोप अर्धवट पोचला की पुन्हा पाठवायचा. त्यात टॉवरपाशी इतरांच्या निरोपांची रांग.

अंदाज बांधणं तसं जुनंच. १९८८ साली व्हॅन जेकबसन यांनी इंटरनेटसाठी एक रीत मांडली. जुन्या अंदाजाला सात भाग वजन, ताज्या अनुभवाला एक भाग. मला हे फार आवडलं. मुलांविषयीचं मतही शिक्षकाने असंच सावकाश बदलावं. पण त्यातून कळतं ते उत्तराची वाट किती वेळ पाहायची एवढंच. ज्याचा हात रुग्णाच्या पोटात आहे त्याला विचारायचं असतं, की पुढचा निरोप अडकण्याची शक्यता किती?

इथे मला एक रात्र आठवते. आम्ही तालुक्यापासून लांब राहत होतो. ह्यांच्या छातीत दुखू लागलं तेव्हा रुग्णवाहिका "साधारण अर्ध्या तासात येते" असं फोनवर सांगण्यात आलं. ते खोटं नसावं, एरवी येतही असेल. त्या रात्री ती अडीच तासांनी आली. शेजारच्या अंगणात जीप उभी होती. आज उशीर होणार एवढं कोणी सांगितलं असतं, तर आम्ही जीपने निघालो असतो. ह्यांना आम्ही तालुक्यापर्यंतही नेऊ शकलो नाही.

नातीला हे ठाऊक आहे. तिच्या कामात उशीर कमी होत नाही, तो येणार हे थोडं आधी कळतं. मग रोबोला थांबवता येतं, गाडीचा वेग कमी करता येतो, दुसरी वाट धरता येते.

म्हणून संगणकाला सिग्नलची ताकद, रांगेची लांबी, निरोप किती वेळा पुन्हा पाठवावा लागला हे सगळं दाखवतात, आणि त्याच्याकडून एक आकडा न मागता शक्यतांचा सगळा पसारा मागतात. अडचण अशी की तो शिकतो ते वारंवार दिसणाऱ्या गोष्टींवरून. लाखातली एक घटना त्याने पाहिलेलीच नसते, आणि तरी उत्तर देतो ठामपणे. (असे विद्यार्थी मीही पाहिलेत.)

त्यावरचा उपाय आला पुरांच्या अभ्यासातून. १९५३ साली नेदरलँड्समध्ये समुद्र आत शिरला, १८०० हून अधिक माणसं गेली. त्यानंतर तिथे दहा हजार वर्षांत एकदा येईल अशा पाण्याचा हिशोब धरून बांध उभारायचे ठरले. दहा हजार वर्षांच्या नोंदी कोणाकडे असणार? हाताशी असलेल्या मोठ्या भरत्यांवरून त्याहून मोठीचा अंदाज बांधण्याचं गणित आहे. त्याचा पाया फिशर आणि टिपेट यांनी १९२८ मध्ये घातला. तेच गणित आता संगणकाच्या अंदाजाच्या टोकाला जोडतात.

तरी थोडेफार वाईट उशीर प्रत्यक्ष मोजावे लागतातच. दर १० मिलिसेकंदांनी एक निरोप सोडला तर लाख निरोपांना सुमारे १७ मिनिटं लागतात, आणि त्यात हाती लागायचा एखादा. असे शंभर हवेत तर जवळजवळ २८ तास. तेवढ्यात कोणी प्रयोगशाळेतलं कपाट सरकवलं की सगळं बदलतं, पुन्हा मोजा. सध्या तिने दारावर मोठ्या अक्षरांत पाटी लावली आहे, कोणीही काही हलवू नये अशी. मराठीत, आणि शुद्ध.