सायकलीचे स्मरणरंजन आणि सूरजागडचा रस्ता

मराठी ललित गद्यात सायकलीला जे स्थान मिळाले आहे ते प्रामुख्याने स्मरणरंजनाच्या प्रदेशातले आहे. एकेकाळी सायकलींचे शहर म्हणून ओळखल्या गेलेल्या पुण्याविषयी लिहिताना तर तिच्यावाचून पान हलत नाही. तासाच्या भाड्याने आणलेली सायकल, मधल्या दांडीखालून पाय घालून मारलेले हाफ पायडल, मित्राला डबलसीट घेऊन उतारावर सोडून दिलेले हात, ‘ओव्हरऑइलिंग’ या नावाने ओळखला जाणारा वार्षिक विधी : या तपशिलांची मांडणी आता जवळजवळ संकेतबद्ध झाली आहे. त्याच काळात सायकलीवर नगरपालिकेचा कर होता, पत्र्याचा बिल्ला नसला किंवा अंधारात दिवा नसला तर पोलीस अडवीत आणि डबलसीट हा गुन्हा मानला जाई. ही बाजू त्या लेखनात आलीच तर गंमत म्हणून येते. ज्या काळाला बेफिकिरीचा काळ म्हटले जाते त्याची बेफिकिरी बरीचशी मागाहून घडवलेली असते.

समीक्षेने स्मरणरंजनाकडे संशयाने पाहिले ते याच कारणाने. ‘नॉस्टॅल्जिया’ ही संज्ञा योहानेस होफर याने १६८८ मध्ये बाझेल येथे सादर केलेल्या वैद्यकीय प्रबंधात घडवली, तेव्हा ती घरापासून दुरावलेल्या माणसाच्या आजाराचे नाव होती. आजाराचा पुढे साहित्यिक भाववृत्तीत कायापालट झाला, तरी रुग्णतेचा वास तिला चिकटून राहिला. रेमंड विल्यम्स यांनी ‘द कंट्री अँड द सिटी’ (१९७३) या ग्रंथात दाखवून दिले, की प्रत्येक पिढी आपले सुवर्णयुग आपल्या लगतच्या मागच्या काळात ठेवते आणि त्या काळातली पिढी ते आणखी मागे ढकलते. सरकत्या जिन्यावर उभे राहावे तसे आपण मागे मागे जात राहतो आणि सुवर्णयुग काही हाती लागत नाही. हा युक्तिवाद मान्य केला म्हणजे सायकलीच्या आठवणींचा निकाल सहज लागतो. परंतु हा निकाल सर्वत्र सारखाच लागू पडतो का, हा प्रश्न उरतो. आणि तो विचारण्यासाठी शहरापासून पुष्कळ दूर, गडचिरोली जिल्ह्याच्या एटापल्ली तालुक्यात, सूरजागडच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्यावर यावे लागते.

या रस्त्याची एक आठवण एका निवृत्त प्राथमिक शिक्षकाची आहे. गुरुजी या भागात १९७२ साली रुजू झाले. गडचिरोली हा स्वतंत्र जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी झाला, त्यामुळे त्यांचे नेमणूकपत्र चंद्रपूर जिल्ह्याचे होते. बावीस इंची काळी सायकल, कॅरियरला बांधलेली वळकटी, सीटखालच्या पिशवीत पंक्चरचे सोल्युशन, रबराचे तुकडे आणि कानस, एवढ्या सामग्रीवर ते एटापल्लीहून आलापल्लीला आणि तेथून अहेरीला जात. सागाच्या आणि बांबूच्या वनातून जाणारी ही वाट कच्ची होती. पावसाळ्यात नाला आडवा आला की सायकल खांद्यावर घ्यावी लागे आणि पाणी चढले तर उतरेपर्यंत काठावर बसून राहावे लागे. मोहफुलांच्या दिवसांत पहाटे अस्वल आडवे येण्याची धास्ती असे. हिवतापाने तर अनेक शिक्षकांना बदलीचे अर्ज करायला लावले होते. हा सारा तपशील सांगून झाल्यावर गुरुजी त्या दिवसांना जे विशेषण लावतात ते मात्र ‘निवांत’ हे आहे.

विल्यम्स यांच्या वाचकाला येथे विसंगती दिसेल. ज्या प्रवासात नाला, श्वापद आणि ताप या तिन्हींची भीती होती तो निवांत कसा? स्मृतीने भीती गाळून टाकली असे म्हणावे तर गुरुजी ती विसरलेले नाहीत. उलट तिचे वेळापत्रक त्यांना पाठ आहे. अस्वल कोणत्या महिन्यात, कोणत्या झाडांखाली आणि उजाडण्याच्या किती आधी भेटेल हे त्यांना ठाऊक होते. नाल्याचे पाणी कोणत्या दगडापर्यंत आले म्हणजे थांबायचे हे गावच्या माडिया माणसांनी त्यांना शिकवले होते. नव्या काळाशी तुलना करताना ते झाडीबोलीच्या वळणाने म्हणतात, “अस्वलाची वेळ ठावूक राहे. ट्रकाले वेळ नाही.” या दोन वाक्यांत निश्चिंतपणाची जी व्याख्या दडली आहे ती शहरी स्मरणरंजनातल्या व्याख्येहून वेगळी आहे. तेथे निश्चिंती म्हणजे धोक्याचा अभाव. येथे धोका पुरेपूर आहे, पण तो पायांच्या गतीने येतो, त्याला ऋतू आणि ठिकाण आहे आणि म्हणून तो वाचता येतो. सायकलस्वाराचे शरीर हा रस्ता अक्षरशः शिकलेले असते. निश्चिंती ही त्या शिक्षणाची फलश्रुती होय.

अर्थात या आठवणीलाही मर्यादा आहेत आणि त्या सामाजिक आहेत. गुरुजी पुरुष होते, पगारदार होते आणि बाहेरून आलेले होते. ज्या माडिया गोंडांच्या पाड्यांवरून ते जात, तेथील माणसे पायवाटेने चालत. त्यांच्या दृष्टीने सायकल ही बऱ्याचदा सरकारची चाहूल असे. तिच्यावरून वनरक्षक येई, तलाठी येई, व्यापारी येई. त्या काळातल्या सायकलीवर बाई दिसणे ही तर दुर्मीळ गोष्ट. तेव्हा एकाच रस्त्यावरच्या एकाच घंटीचा आवाज सायकलस्वाराला जसा ऐकू आला तसाच तो पाड्यावर ऐकू आला असेल, असे गृहीत धरता येत नाही. स्मरणरंजनाचे वाचन करताना ‘ही आठवण कोणाची’ हा प्रश्न टाळता येत नाही, तो यामुळे.

त्या निश्चिंतीला पहिला तडा गेला तो यंत्राने नव्हे. १९८० च्या सुमारास या जंगलात नक्षलवादी चळवळ आली आणि तिच्या पाठोपाठ पोलीसदलांची ठाणी आली. रात्रीचा सायकलस्वार दोन्ही बाजूंना संशयास्पद झाला. कोण, कुठला, कोणाकडे निघाला, या प्रश्नांना ऋतू नव्हता आणि दगडावरची खूणही नव्हती. विशेष असे, की याच दशकात, १९८५ मध्ये, जुन्या चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्याजवळच्या आनंदवनातून प्रेरणा घेतलेली बाबा आमटे यांची ‘भारत जोडो’ यात्रा तरुण सायकलस्वारांसह कन्याकुमारीहून काश्मीरकडे निघाली होती. देश जोडण्यासाठी ज्या वाहनाची प्रतीक म्हणून निवड झाली, त्याच वाहनावरून एका पाड्याहून दुसऱ्या पाड्याला रात्री जाणे त्याच वनप्रदेशाच्या दक्षिण टोकाला अवघड होत होते.

दुसरा तडा लोहखनिजाचा. सूरजागडच्या डोंगरावर ठाकूरदेवाचे स्थान आहे आणि सत्तर गावांच्या इलाख्याची तेथे दर जानेवारीत यात्रा भरते. त्याच डोंगरावर सुमारे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा २००७ मध्ये मंजूर झाला. डिसेंबर २०१६ मध्ये नक्षलवाद्यांनी खनिजवाहतुकीची सत्तरहून अधिक वाहने जाळली आणि काम थंडावले. २०२१ मध्ये उत्खनन नव्याने सुरू झाले. २०२३ मध्ये वार्षिक उत्पादनमर्यादा तीस लाख टनांवरून एक कोटी टनांवर नेण्यास परवानगी मिळाली. एका ट्रकमध्ये पंचवीस टन खनिज धरले तर एक कोटी टन म्हणजे वर्षाला चार लाख खेपा, दिवसाला हजाराहून अधिक, आणि परतीचे रिकामे ट्रक धरले तर दुप्पट. हा केवळ हिशेब आहे. पण एटापल्ली–आलापल्ली–आष्टी या मार्गावर सायकलीचे काय झाले असेल ते समजण्यास तो पुरेसा आहे. लाल धूळ, उखडलेली डांबरी कड आणि खेपांच्या घाईत असलेला, या वाटेला अनोळखी चालक यांना वाचायला शिकवील असे कोणतेही गाव नाही.

येथेच सरकत्या जिन्याचे रूपक अपुरे पडते. राज्याच्या मानव विकास कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या मुलींना शाळेत जाण्यासाठी सायकली मिळू लागल्या, त्यामुळे या तालुक्यातील कित्येक घरांत सायकलीवर बसलेली पहिली स्त्री ही आजी नव्हे, आईही नव्हे, तर शाळकरी मुलगी आहे. २०१९ मध्ये आठवीत अशी सायकल मिळालेल्या मुलीचा विचार करावा. मार्च २०२० मध्ये महामारीमुळे तिची शाळा बंद झाली. २०२१ च्या उत्तरार्धात ग्रामीण शाळा पुन्हा उघडल्या, तेव्हा जवळजवळ त्याच सुमारास रस्त्यावर खनिजाचे ट्रक धावू लागले. म्हणजे तिच्या वाट्याला आलेला मोकळ्या रस्त्याचा काळ जेमतेम काही महिन्यांचा. तिच्या आधीच्या पिढीतल्या बाईला हा काळ लाभलेला नव्हता, त्यामुळे तिच्या सुवर्णयुगाला मागे ढकलण्याची सोयच नाही. ते तिच्यापासून सुरू होते आणि तिच्याच डोळ्यांदेखत संपते. अठराव्या वर्षी ती ‘तेव्हा बरे होते’ असे म्हणाली तर त्या उद्गाराला वार्धक्याची हळवी सवय म्हणता येणार नाही. हिरावलेल्या वस्तूची ती नोंद आहे.

स्वेतलाना बॉयम यांनी ‘द फ्यूचर ऑफ नॉस्टॅल्जिया’ (२००१) मध्ये गतकाळ पुन्हा उभारू पाहणारे आणि गतकाळाविषयी चिंतन करणारे असे नॉस्टॅल्जियाचे दोन प्रकार मानले. सूरजागडच्या रस्त्यावरची ही आठवण दोहोंतही नीट बसत नाही. गुरुजींचा काळ जसाच्या तसा परत यावा असे त्या मुलीला वाटण्याचे कारण नाही, कारण त्या काळात तिला सायकल नव्हती. आणि निव्वळ चिंतनासाठी आवश्यक असलेले अंतर तिच्यापाशी नाही, कारण उद्या सकाळी तिला, किंवा तिच्या धाकट्या बहिणीला, त्याच रस्त्याने जायचे आहे. तिसरा प्रकार मानावा लागेल : साक्षीचे स्मरण. त्याची कसोटी रंजकता ही नसून अचूकता ही आहे.

हेडरीहून कोनसरीच्या प्रकल्पाकडे खनिजाचा भुगा पाण्यातून वाहून नेणारी नळवाहिनी २०२५ मध्ये सुरू झाली. तिच्यामुळे रस्त्यावरचा भार हलका होईल अशी अपेक्षा आहे. तसे घडले तर रस्ता मोकळा होईल. पण मोकळा रस्ता आणि ओळखीचा रस्ता यांतला फरक गुरुजींच्या दोन वाक्यांनी आधीच सांगून ठेवला आहे. नाल्यावर पूल होतो, तापावर औषध मिळते, ट्रकही कदाचित दुसऱ्या मार्गाने जातो; त्यानंतर रस्त्याची गती कोणी ठरवायची हा प्रश्न शिल्लक राहतो. सायकलीच्या आठवणींकडे पाहताना समीक्षेने एवढा एक प्रश्न सोबत ठेवला, तर पुण्याच्या उतारावर सोडून दिलेले हातही थोडे वेगळे दिसू लागतील : तेथेही मागून येणाऱ्याला तेव्हा घाई नव्हती.