कलम दुसरं

इटलीच्या संविधानातलं दुसरं कलम अंगाने किरकोळ आहे. सगळं मिळून एकच वाक्य. पहिलं कलम सार्वभौमत्व लोकांच्या हाती सोपवतं, तिसरं समतेचं मोठं काम अंगावर घेतं. त्या दोघांच्या मधे हे उभं. पण बोलू लागलं की कुणाची भीड धरत नाही. माणूस एकटा असो की आपल्या गोतावळ्यात, त्याचे मूलभूत हक्क अभंग आहेत, हे ते प्रजासत्ताकाला बजावतं. आणि त्याच दमात माणसालाही सांगतं, की एकमेकांसाठी झिजण्याच्या कर्तव्यातून तुझीही सुटका नाही.

हा करारीपणा त्याच्या अंगी आला तो जन्माआधीच्या वीस वर्षांमुळे. राज्याबाहेर काही उरूच द्यायचं नाही, हे फॅसिस्ट हुकूमशहा मुसोलिनीचं धोरण होतं. 1926 मध्ये विरोधी पक्ष मोडून काढले, 1931 मध्ये कॅथलिक तरुणांच्या मंडळांना टाळं ठोकलं. 1938 च्या वंशकायद्यांनी ज्यू प्राध्यापकांना विद्यापीठांतून आणि ज्यू मुलांना सरकारी शाळांतून बाहेर काढलं, तेही रीतसर, राजपत्रात छापून. हक्क राज्याने दिलेले असतील तर राज्य ते काढूनही घेऊ शकतं, हे कायद्याच्या माणसांनी डोळ्यांदेखत पाहिलं. याच राजवटीशी 1929 मध्ये चर्चने लॅटरन करार केला होता, आणि कितीतरी कॅथलिक विधिज्ञ त्या काळात गप्प बसले होते. म्हणून पुढे कॅथलिक विधिज्ञांचाही हात लागलेल्या या कलमात मला थोडं प्रायश्चित्तही दिसतं.

2 जून 1946 ला निवडून आलेल्या संविधान सभेत हे कलम घडवणारे हात पुष्कळ होते; त्यांत हे तिघे कॅथलिक विधिज्ञ. ज्योर्ज्यो ला पिरा हा फ्लोरेन्सला रोमन कायदा शिकवायचा आणि सान मार्कोच्या मठातल्या खोलीत राहायचा. 1939 मध्ये त्याने काढलेलं ‘प्रिंचिपी’ हे नियतकालिक राजवटीने बंद पाडलं होतं. आल्दो मोरो जेमतेम तिशीचा. ज्युझेप्पे दोसेत्ती चर्चच्या कायद्याचा अभ्यासक, फॅसिस्टविरोधी लढ्यातून आलेला. 9 सप्टेंबर 1946 ला उपसमितीत दोसेत्तीने ठराव मांडला: माणूस आधी, राज्य नंतर, आणि राज्य आहे ते माणसाच्या सेवेसाठी. हा माणूसही सुटा, एकांडा नव्हे. घर, गाव, व्यवसाय, धर्म यांच्या संगतीत तो पुरा होतो. समोर बसला होता पाल्मिरो तोल्याती, कम्युनिस्टांचा नेता. त्याला ही मांडणी पटली. दोघांपैकी कुणीही दुसऱ्याच्या श्रद्धेत हात घातला नाही. फॅसिझमने उलटं केलेलं नातं सुलटं करायचं, एवढ्यावर त्यांचं जमलं.

ला पिराची खरी कसोटी अगदी शेवटच्या दिवशी लागली. 22 डिसेंबर 1947 ला त्याने सुचवलं की संविधानाचा आरंभ देवाच्या नावाने व्हावा. मतदान घेतलं तर सभा देवाच्या नावावरून दुभंगणार, हे दिसू लागलं आणि त्याने सूचना मागे घेतली. सगळ्या हक्कांचं मूळ ज्याला देवात दिसत होतं, त्याला हे किती जड गेलं असेल! मग 453 विरुद्ध 62 मतांनी संविधान संमत झालं. कॅथलिक विधिविचाराच्या त्या सगळ्या वाटचालीत मला हाच क्षण सर्वांत मोठा वाटतो.

मोठं झाल्यावर कलम घडवणाऱ्यांच्या मुठीत राहिलं नाही. त्यांच्या मनातला गोतावळा म्हणजे कुटुंब, चर्च, कामगार संघटना. 2010 मध्ये संविधान न्यायालयाने सांगितलं की समलिंगी जोडप्याचं स्थिर सहजीवनही याच कलमातल्या गोतावळ्यात मोडतं. लग्नाचा हक्क मात्र त्यातून निघत नाही. 2016 मध्ये अशा जोडप्यांच्या नागरी सहजीवनाचा कायदा झाला, तोही याच कलमाचं नाव घेऊन, आणि अनेक कॅथलिक त्याच्या विरोधात उभे राहिले. ला पिरा किंवा दोसेत्तीला हे रुचलं असतं, असं मी म्हणणार नाही. पण माणसं एकमेकांशी जी नाती जोडतात ती राज्याच्या परवानगीने जन्मत नाहीत, ही शिकवण त्यांचीच. कलमाने ती त्यांना वाटली होती त्यापेक्षा पुढे नेली, आणि मला वाटतं, त्यात त्याने त्यांच्याशी बेइमानी केली नाही.