आमचे म्हणणे

कुरकूर करण्याची कला मनुष्याला कोणी शिकवावी लागत नाही. निदान आमच्या घरी तरी विजेचे बिल आले की या कलेला बहर येतो. आकडा पाहताच आम्ही दीर्घ उसासा टाकतो, साऱ्या जगाचा उद्धार करतो आणि चहा घेऊन शांत होतो. उचलली जीभ आणि लावली टाळ्याला! त्याला पुरावाही लागत नाही आणि धैर्यही लागत नाही. काही वर्षांपूर्वी अशीच आमची कुरकूर चालली असता नववीत शिकणाऱ्या आमच्या कन्येने विचारले, "बाबा, हे तुम्ही रोज आम्हांलाच का सांगता? ज्यांनी ऐकायला हवं त्यांना का नाही सांगत?"

"आपलं कोण ऐकतंय!" असे म्हणून आम्ही विषय संपवू पाहिला. तिने वर्तमानपत्र पुढे सरकवले. एका कोपऱ्यात बारीक अक्षरांत सूचना छापली होती. वीज वितरण कंपनीने पुढील वर्षाच्या दरांचा प्रस्ताव दाखल केला असून नागरिकांनी आपल्या हरकती आयोगाकडे लेखी पाठवाव्यात, आणि प्रत्यक्ष बोलावयाचे असल्यास तसे कळवावे, असा तिचा आशय होता.

आमच्या भोपाळ शहरात बिट्टन मार्केटजवळ मेट्रो प्लाझा नावाची इमारत आहे. तेथे मध्य प्रदेश विद्युत नियामक आयोगाचे कार्यालय आहे, हे आम्हांला त्या दिवशी कळले. हा आयोग 1998 साली स्थापन झाला. विजेचा दर कंपनी स्वतः ठरवीत नाही. तो हा आयोग ठरवितो. 2003 च्या विद्युत कायद्याचे 64 वे कलम सांगते की, कंपनीने आपल्या अर्जाचा गोषवारा प्रसिद्ध केला पाहिजे, आणि लोकांच्या सूचना व हरकती विचारात घेऊनच आयोगाने 120 दिवसांत निर्णय दिला पाहिजे. म्हणजे आपले म्हणणे ऐकणे ही कोणाची मेहेरबानी नव्हे; तो कायद्याने घालून दिलेला शिरस्ता आहे.

सर्वत्र असे नसते. महानगरपालिकेच्या सभेत बोलण्याचा अधिकार नगरसेवकांचा. आपण त्यांच्या तोंडून बोलायचे. ग्रामसभेत मात्र गावच्या मतदारयादीतील प्रत्येकाला स्थान आहे. अमेरिकेतील अनेक नगरांत नगरसभेच्या बैठकीत साध्या रहिवाशालाही दोन-तीन मिनिटे बोलू देतात. शहरात राहणाऱ्या आमच्यासारख्याला अशी संधी क्वचितच येते. आली, तर ती वाया का घालवावी?

आम्ही लिहावयास बसलो. स्थिर आकार वाढू नये, हा आमचा मुद्दा. दिवे विझवून, पंखे बंद करून काटकसर करणाऱ्या कुटुंबालाही तो द्यावाच लागतो. मग काटकसरीचे चीज काय? हा एवढासा मुद्दा आम्ही पाच पाने फुलविला. आमच्या आईने चष्मा लावून ती पाने चाळली आणि म्हणाली, "अरे, भाजीत मीठ घालतात, मिठात भाजी नाही घालत." पाचाची दोन पाने झाली. एक प्रत आयोगाच्या सचिवांकडे गेली, दुसरी कंपनीकडे.

सुनावणीच्या दिवशी सभागृहात शिरताच आमची छाती धडधडू लागली. एकीकडे जाडजूड फाइली घेऊन बसलेले अधिकारी, दुसरीकडे आमच्यासारखे नागरिक. आमच्या आधी एक पीठगिरणीवाले उठले. त्यांनी हिंदीत मोजकी पाचसहा वाक्ये सांगितली, बिले पुढे ठेवली आणि ते खाली बसले. नंतर आमचे नाव पुकारले गेले. आमच्या हिंदीत मराठी मिसळू लागली, घसा कोरडा पडला. तरी मुद्दा कसाबसा मांडला. तेवढ्यात समोरून अत्यंत सौम्य स्वरात प्रश्न आला, "आपल्या घरी महिन्याला किती युनिट वीज लागते?"

आम्हांला ते ठाऊक नव्हते!

रुपयांचा आकडा आम्हांला वर्षानुवर्षे पाठ होता. युनिटांचा आकडा आम्ही कधी पाहिलाच नव्हता. "नंतर लेखी कळवितो," असे पुटपुटून आम्ही खाली बसलो. त्या क्षणी कुरकूर आणि म्हणणे यांतील अंतर आम्हांला समजले. कुरकुरीला केवळ रोष पुरतो; म्हणण्याला माहिती लागते. घरी येताच बिले शोधून आम्ही आकडे पाठविले.

पुढे आयोगाचा आदेश प्रसिद्ध झाला. त्यात हरकतींचे एक स्वतंत्र प्रकरण होते: नागरिकांचे म्हणणे, त्यावर कंपनीचे उत्तर आणि शेवटी आयोगाचे मत. आमचा मुद्दा तेथे तीन ओळींत आला होता. तो मान्य झाला नव्हता.

"मग काय उपयोग झाला?" कन्येने विचारले. तिचा चेहरा उतरला होता, आणि खरे सांगायचे तर आमचाही. आम्ही थोडा वेळ विचार केला. नकार मिळाला, हे खरेच. तथापि तो नकार सकारण होता आणि कायमचा छापला गेला होता. कारण चुकीचे वाटल्यास दिल्लीच्या विद्युत अपील न्यायाधिकरणाकडे 45 दिवसांत दाद मागता येते. कारण पटल्यास आपले मत सुधारता येते. चहाच्या कपाशी केलेल्या कुरकुरीला आजवर कोणी कारण दिले नव्हते. शिवाय, कोणीच बोलले नाही तर सर्वांना दर मान्य आहेत, असाच अर्थ निघेल.

बालमित्रांनो, तुमच्या रस्त्याचा, पाण्याचा किंवा दिव्याचा प्रश्न कोठे ऐकला जातो, ते शोधून काढा. मुदत पाहा, थोडक्यात लिहा, आकडे जवळ ठेवा आणि उभे राहताना पाय कापले तरी बोला. आमच्या घरी आता बिले टेबलावर पडून राहत नाहीत. कन्येने ती तारखेनुसार एका फाइलीत लावली आहेत आणि प्रत्येकावर युनिटांचा आकडा लाल पेन्सिलीने अधोरेखित केला आहे.