शिवेवरची मिठागरे

‘शीव’ या शब्दाचा अर्थच मुळी सीमा. एकीकडे इंग्रजांचे परळ बेट आणि पलीकडे पोर्तुगीजांची साष्टी, अशी विभागणी असताना या सीमेवर पहारा ठेवण्यासाठी १६६९ ते १६७७ या काळात येथील टेकडीवर किल्ला उभा राहिला. ते राज्यकर्ते गेले आणि खाडीही बुजत गेली. कोळीवाडा स्थानकाचे गुरू तेग बहादूर नगर झाले. शेजारच्या वडाळ्यात मात्र ‘सॉल्ट पॅन रोड’ हे नाव अद्याप टिकून आहे. पूर्व मुक्त मार्गावरून जाताना बांधांनी आखलेली मिठागरे दिसतात, तेव्हा या परिसराची आणखी एक शीव ध्यानात येते. ती आहे गोड्या आणि खाऱ्या पाण्याची.

दुरून सारे वाफे सारखेच भासतात. प्रत्यक्षात प्रत्येकाची वस्ती निराळी. भरतीचे पाणी उघाडीतून आत घेतले जाते, तेव्हा लिटरमागे त्यात सुमारे ३५ ग्रॅम क्षार असतात. ते एका कप्प्यातून दुसऱ्या कप्प्यात सरकते आणि उन्हाने आटत जाते. क्षार साधारण २५ टक्क्यांच्या पुढे गेले की मीठ धरू लागते. खारटपणाची ही जणू पायऱ्यांची उतरंडच होय.

मधल्या पायऱ्यांवर, तळाच्या चिखलावर, सूक्ष्मजीवांची चटई विणली जाते. तिची जाडी अवघी काही मिलिमीटर; पण तीत मजल्यांची व्यवस्था असते. वरच्या थरात सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे नीलहरित जीवाणू राहतात. त्यांच्याखाली उरलेल्या प्रकाशावर जगणारे जांभळे गंधक-जीवाणू आणि सर्वांत खाली, प्राणवायूविना जगणारे, चिखल काळा करणारे जीवाणू. वरच्याने टाकलेले खालच्याचे भांडवल होते. आपल्या पेढ्यांतील देवघेवीपेक्षा हा हिशेब फार वेगळा नाही.

खारटपणा वाढला की भागीदार बदलतात. कमी खाऱ्या कप्प्यांत तंतूसारखे नीलहरित जीवाणू एकमेकांत गुंफून घट्ट चटई करतात. पुढे तंतू विरळ होतात आणि बुळबुळीत आवरणातले एकपेशीय जीव त्यांची जागा घेतात. जेथे मीठ धरते तेथे चटई उरतच नाही. उरतात ते पाण्याला तांबूस रंग देणारे लवणप्रेमी जीव.

याचा लाभ आगरवाल्यालाही होतो. चटईमुळे तळाची गळती कमी होते आणि तांबूस पाणी ऊन अधिक शोषून लवकर आटते. बुळबुळीत जीव मात्र प्रमाणाबाहेर माजले, तर पाणी दाट होऊन मिठाचे दाणे बिघडतात. पावसाळा आला की सारी उतरंड धुऊन जाते आणि ऋतू पालटला की पुन्हा पहिल्या पायरीपासून आरंभ होतो.

बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर जून २०२० मध्ये गुलाबी झाले, तेव्हा हाच बदल साऱ्या देशाने पाहिला. पाणी आटून खारटपणा वाढला होता. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने त्या रंगाचे कारण लवणप्रेमी सूक्ष्मजीवांत शोधून काढले. पाऊस पडल्यावर रंग ओसरला.

मुंबईतील मिठागरांची जमीन पाच हजार एकरांहून अधिक भरते. २०२४ मध्ये त्यांपैकी कांजूर, भांडुप आणि मुलुंड येथील सुमारे २५६ एकर जमीन धारावी पुनर्वसनासाठी देण्यास राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. घरांची गरज खरी आहे आणि तिला कमी लेखणे योग्य नव्हे. परंतु मिठागराला ‘रिकामी जागा’ म्हणणे हा ताळेबंदातील अपुरेपणा ठरेल. भरतीचे आणि पावसाचे पाणी सामावून घेण्याचे कामही हीच सखल जमीन करते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, त्या दिवसाचा अर्थ शीव आणि गांधी मार्केटच्या व्यापाऱ्यांना वेगळा सांगावा लागत नाही.

अशा चटयांचे पूर्वज सुमारे ३५० कोटी वर्षांपूर्वीच्या खडकांत आढळतात. पृथ्वीच्या हवेत प्राणवायू भरला तो नीलहरित जीवाणूंनीच. आजही त्यांना जगण्यासाठी फार काही लागत नाही. भरतीची वाट मोकळी हवी, बांध शाबूत हवेत आणि ऊन हवे. एकदा भराव पडला की ही उतरंड पैसे मोजूनही पुन्हा रचता येत नाही. जमिनीचा भाव ठरवताना खतावणीच्या दुसऱ्या बाजूला ही नोंदही असावी.