लोहाचलाचा मुलूख

हंपी पाहावयास जाणारी आपल्याकडील मंडळी होसपेटास उतरून तुंगभद्रेकडे वळतात. तेथून दक्षिणेस नऊदहा कोसांवर घोरपड्यांचें संडूर संस्थान होतें, याची आठवण फारच थोड्यांस असते. आम्हां कोल्हापुरकरांस तरी ती असावी. कारण कापशीच्या सेनापति संताजीरावांचें जें कुळ, त्याचीच ही शाखा. म्हणून गेल्या माघांत राजारामपुरींतून निघून, मिरज, हुबळी, गदग असा आगगाडीचा प्रवास करून आम्ही तिकडे गेलों.

बल्लारीकडचा मुलूख रखरखीत. पाऊस बेताचा, झाडें खुरटीं, जागोजाग उघडे धोंडे. त्यांत संडूरच्या दोन लांबच लांब डोंगररांगा उभ्या आहेत, व त्यांच्यामधील दरींतील नारीहळ्ळा नांवाचा ओढा दोन्ही रांगा फोडून वाहतो. खिंडी धरल्या कीं मुलूख बंद! 1815 सालीं दुसरे बाजीराव कुमारस्वामीच्या यात्रेचें निमित्त करून फौजेसह आले, तेव्हां शिवराव घोरपड्यांनीं वाटाच रोखल्या. देवदर्शनास फौज कशाला, हें कोणाच्याहि मनांत येईल. पुढें 1817 त मन्रोनें पेशव्यांसाठीं संडूर घेतलें. पण पेशवाईच बुडाली, आणि 1818 त तें घोरपड्यांस परत मिळालें.

कुमारस्वामी म्हणजे आपला कार्तिकेय. ज्या डोंगरावर त्याचें व पार्वतीचें प्राचीन देऊळ आहे, त्यास लोहाचल म्हणतात. आपल्याकडील रूढीप्रमाणें येथेंहि स्त्रियांस कार्तिकेयाचें दर्शन नाहीं. मात्र हरिजनांस संस्थानिकांनीं हीं दारें 1932 सालींच, म्हणजे त्रावणकोरच्या 1936 च्या जाहीरनाम्यापूर्वीं, उघडलीं. 1934 सालीं गांधीजी येथें आले होते.

'लोहाचल' हें नांव अक्षरशः खरें आहे. डोंगर लोखंडाच्या व मँगनीजच्या खनिजांचे. विसाव्या शतकाच्या आरंभी एका बेल्जियन कंपनीनें मँगनीज काढावयास सुरुवात केली. संस्थान 1949 त विलीन झाल्यावर, 1954 सालीं, घोरपडे घराण्यानेंच स्वतःची कंपनी काढली. दोणीमलै येथें सरकारी खाण झाली. इथवर सारें बेतांत होतें. पुढें 2000 नंतर चीनची मागणी वाढली, भाव भडकले, आणि परवान्यांच्या हद्दी डोंगरावर जागच्या जागीं राहिनात. खनिजाच्या ट्रकांची रीघ लागली. अखेर 29 जुलै 2011 रोजीं सर्वोच्च न्यायालयानें बल्लारी जिल्ह्यांतील खाणी थांबविल्या, आणि 2013 त निवडक खाणींसच पुन्हा मुभा दिली.

आम्ही न्यायालयाच्या बाजूचे. परंतु बसथांब्याजवळ चहा देणारा मराठी बोलणारा गृहस्थ म्हणाला, "गुरुजी, डोंगर वांचला म्हणतां, माझ्या भावानें कर्ज काढून दोन ट्रक घेतले होते, ते दारांत गंजले." यावर आमच्यापाशीं उत्तर नव्हतें. त्यानें फडक्यानें बांक पुसला, तों फडकें तांबडें झालें. रस्त्याकडेच्या झाडांचीं पानेंहि तशींच. हिरवा रंग पाहावयास बोटानें धूळ काढावी लागते.

रानांत वर गेलें कीं मात्र हवा निवळते. पलीकडच्या देवदारीच्या जंगलांत नवी खाण काढण्याचा वाद 2024 सालीं पेटला. खाण हवी म्हणणारें केंद्राच्या मालकीचें, आणि रानाची जमीन देऊं नये असें बजावणारें राज्याचें वनखातें. लोहाचलावरून तें जंगल दाखवून पुजारी इतकेंच म्हणाले, "पावसाळ्यानंतर या, तेव्हां पाहा."